बाळंतपणाची शाळा : तिची, त्याची आणि आपलीही

आपल्या बेळगावात शिकवण्यांना तोटा नाही. दहावीची शिकवणी आहे, सीईटीची आहे, इंग्रजी संभाषणाची आहे. मोटार चालवायची तर काही आठवडे शिकावे लागते आणि परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. परंतु एका जिवातून दुसरा जीव वेगळा होण्याच्या प्रसंगाला सामोरी जाणारी स्त्री आणि तिचा पती यांना त्या प्रसंगाविषयी काही पद्धतशीर शिकवावे, असे आपल्या वैद्यकीय व्यवसायाला अजूनही फारसे वाटत नाही. नऊ महिन्यांत आपण तिचे वजन करतो, रक्तदाब मोजतो, रक्त तपासतो, सोनोग्राफी करतो. तिच्याशी बोलायला मात्र आपल्याकडे पाच मिनिटे असतात आणि त्यांतली तीन औषधांची चिठ्ठी लिहिण्यात जातात.

गेली अठरा वर्षे मी माझ्या छोट्या प्रसूतिगृहात गर्भवती स्त्रिया आणि त्यांचे पती यांच्यासाठी वर्ग घेत आहे. वडगाव-शहापुरातील यंत्रमागावर काम करणारे तरुण, उद्यमबागेतील फाउंड्रीतले कामगार, बँकेतले अधिकारी, शाळेतल्या शिक्षिका असे सर्व थरांतील लोक या वर्गाला आले. त्या अनुभवाच्या बळावर या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यवसायबंधू-भगिनींपुढे एक मत मांडावेसे वाटते. प्रसूतिपूर्व वर्ग ही हौशी डॉक्टरने करावयाची जादा सेवा नसून तो प्रसूतिपूर्व तपासणीचाच भाग आहे. त्या वर्गात पतीला जागा हवी, आणि तेथे जेवढे खरे आहे तेवढेच सांगितले गेले पाहिजे.

थोडे पूर्वसंचित

ही कल्पना नवी नाही. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाने १९३३ साली नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले. भीतीमुळे शरीर ताठरते, ताठरलेल्या शरीराला वेदना अधिक होतात आणि वाढलेली वेदना भीती आणखी वाढवते, हे चक्र त्याने मांडले. ते तोडण्याचा मार्ग म्हणजे स्त्रीला आधीच सारे समजावून सांगणे, असे त्याचे म्हणणे होते. फर्नांड लामाझ या फ्रेंच डॉक्टरने १९५१ साली सोव्हिएत रशियात पाहिलेली श्वसन व शिथिलीकरणाची पद्धत पॅरिसमध्ये रुजवली. अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली यांनी १९६५ साली पतीच्या साहाय्याने होणाऱ्या प्रसूतीचा पुरस्कार केला. यांतील सर्वच दावे आजच्या कसोटीला उतरत नाहीत. परंतु जिला बाळंत व्हायचे आहे तिला आपल्या शरीरात काय घडणार आहे हे कळलेच पाहिजे, या मूळ सूत्राविषयी आज दुमत उरलेले नाही.

आपल्या मराठी माणसांनी तर या बाबतीत मागे राहण्याचे काहीच कारण नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियात वैद्यकाची पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांतच दगावले होते. त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे ते दुःख होते. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' चालवून शरीराविषयी मराठीत स्वच्छ आणि निर्भीड बोलता येते हे दाखवून दिले. असा वारसा असताना आजही 'गर्भाशयमुख' हा शब्द उच्चारताना आपण आवाज खाली आणतो आणि पती शेजारी बसला असेल तर उच्चारतही नाही, ही मोठी विसंगती आहे.

दारापर्यंत आली, पुढे काय?

गेल्या दोन दशकांत देशाने या क्षेत्रात मोठी मजल मारली, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ते प्रमाण ९७ वर आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये जेमतेम ३८.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेचा, आशा कार्यकर्त्यांचा आणि रुग्णवाहिकांचा यात वाटा आहे, तसाच आपलाही आहे.

पण त्याच पाहणीतील आणखी एक आकडा मला अस्वस्थ करतो. जन्मानंतर पहिल्या तासात आईच्या अंगावर पाजल्या गेलेल्या बालकांचे प्रमाण केवळ ४१.८ टक्के आहे. म्हणजे दहांतील जवळजवळ नऊ बाळे दवाखान्यात जन्मतात आणि त्या साऱ्या बाळांपैकी निम्म्यांनाही पहिल्या तासात चीक मिळत नाही. या तफावतीचे खापर आपल्याला गरिबीवर, अंधश्रद्धेवर किंवा खेड्यातील सुईणीवर फोडता येणार नाही. ही तफावत आपल्या भिंतींच्या आतली आहे. स्त्री आपल्या दारापर्यंत आली. दाराच्या आत तिला काय समजले, हा पुढचा प्रश्न आपण अद्याप हाती घेतलेला नाही.

याच जिल्ह्यातील खेड्यांत झालेले एक संशोधन जगभर वाखाणले गेले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. प्रसूतीनंतर तोंडावाटे मिसोप्रोस्टॉल दिल्यास अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येते, हे येथील १,६२० स्त्रियांच्या सहभागातून सिद्ध झाले आणि २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांमुळे जगाला हे ज्ञान मिळाले, त्यांच्या लेकीसुनांना आज बाळंतपणानंतर किती रक्त जाणे नेहमीचे आणि किती धोक्याचे हे कोणी सांगितले आहे काय? वर्गात हा प्रश्न मी दरवेळी विचारते. पदवीधर जोडप्यांकडूनही उत्तर क्वचितच येते.

माहेर, सासर आणि मध्ये हरवलेली फाईल

आपल्या सीमाभागाची एक खास अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत अजून भक्कम आहे. सून बेळगावची, माहेर चंदगडचे, गडहिंग्लजचे किंवा सावंतवाडीचे. नाहीतर लेक बेळगावची आणि सासर पणजीला किंवा पुण्याला. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते आणि मुलगी गाव बदलते. त्याबरोबर डॉक्टर बदलतो, कधी राज्य बदलते, लेबर रूममधल्या परिचारिकेची भाषाही बदलते. जुन्या तपासण्यांचे कागद पिशवीच्या तळाशी चुरगळतात. आणि ज्याच्याबरोबर तिने सहा महिने हे सारे अनुभवलेले असते, तो पती फोनच्या दुसऱ्या टोकाला राहतो.

मला या रीतीची टिंगल करावयाची नाही. आईच्या हातचे खाणे आणि हक्काची विश्रांती यांचे मोल कोणत्याही औषधापेक्षा कमी नाही. परंतु डॉक्टर बदलणार हे ठाऊक असेल तेव्हा स्त्रीच्या स्वतःच्या डोक्यातच तिची फाईल असायला हवी. माझा रक्तगट कोणता, हिमोग्लोबिन किती, रक्तदाब किती असतो, वार कोठे आहे, बाळ आडवे आहे की डोके खाली आहे, हे तिला तोंडपाठ हवे आणि तितकेच ते पतीलाही हवे. माझ्या वर्गातला पहिला गृहपाठ हाच असतो. पुढल्या रविवारी मी पत्नीला विचारीत नाही, पतीला विचारते. पहिल्यांदा सगळे हसतात. दुसऱ्या वेळी सगळे पाठ करून येतात.

वर्गात काय शिकवावे?

चार रविवार, प्रत्येकी दीड तास, एवढ्यात आवश्यक ते सारे बसते, असा माझा अनुभव आहे.

पहिला रविवार गर्भारपणाचा आणि धोक्याच्या खुणांचा. अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, ताप, आणि बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता निघायचे. लोहाच्या गोळ्या १८० दिवस गर्भारपणात आणि १८० दिवस बाळंतपणानंतर घ्यायच्या. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो, बाळ काळे होत नाही, हेही येथेच सांगावे लागते. बाळाच्या हालचाली ठरावीक आकड्यात मोजत बसण्याचा निर्विवाद फायदा अभ्यासांतून दिसलेला नाही; म्हणून मी एवढेच सांगते, की आपल्या बाळाची नेहमीची चाल ओळखा आणि ती बदलली तर त्याच दिवशी दाखवा.

या एका वाक्याची किंमत मी पाहिली आहे. वर्गाला न आलेली एक मुलगी काही वर्षांपूर्वी छत्तिसाव्या आठवड्यात माझ्याकडे आली. चार दिवस बाळ कमी हलत होते. "बाळ भरलं की त्याला हलायला जागा राहत नाही," असे घरातल्या मोठ्यांनी मायेनेच सांगितले होते आणि तिने ते मायेनेच ऐकले होते. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके नव्हते. लवकर आली असती तर बाळ वाचलेच असते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण प्रयत्न करण्याची संधी आम्हा सर्वांनाच मिळाली असती. तिचा पती बाहेर भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." त्या वाक्याला उत्तर देण्याची जबाबदारी एका घराची नाही, आपल्या साऱ्या व्यवसायाची आहे.

याउलट फाउंड्रीत काम करणाऱ्या एका तरुणाने रात्री दीड वाजता स्कूटर न काढता शेजाऱ्याची मोटार मागून बायकोला आणले. डोके दुखते आणि समोरचे धूसर दिसते, एवढीच तिची तक्रार होती. रक्तदाब १७० वर ११० निघाला. मॅग्नेशियम सल्फेट वेळेत सुरू झाले, झटके आले नाहीत, आई आणि मुलगी दोघी सुखरूप घरी गेल्या. "मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहिलेलं तिसरं लक्षण," असे तो दारातच म्हणाला होता. त्याचे शिक्षण आठवीपर्यंत झालेले होते.

दुसरा रविवार प्रसूतीचा. खोट्या कळा आणि खऱ्या कळा यांतला फरक, गर्भाशयमुख उघडण्याला लागणारा वेळ, पहिल्या बाळंतपणात हा वेळ किती लांबू शकतो, श्वास कसा सोडायचा, कंबर कोठे दाबायची. वेदनाशमनाचे उपाय कोणते आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या. याच दिवशी सिझेरियनही समजावले पाहिजे. मध्यरात्री दोन वाजता कापऱ्या हातात संमतिपत्र देऊन "सही करा" म्हणणे ही कायद्याने संमती असेल, समजून दिलेली संमती नव्हे.

तिसरा रविवार बाळाचा आणि अंगावर पाजण्याचा. चीक टाकायचा नाही. मध, गूळपाणी, गुटी सहा महिने नको. कमी वजनाच्या बाळाला आईच्या, आणि गरज पडल्यास बापाच्याही, उघड्या छातीशी धरायचे. या दिवशी मी सासूबाईंना आणि आईला आवर्जून बोलावते. "आम्ही नाही का बाळंत झालो?" असा प्रश्न येतोच. त्याचा राग मानू नये. तो प्रश्न म्हणजे आपला अनुभव कोणी विचारील का, याची चाचपणी असते. त्यांना आधी बोलू दिले की त्या ऐकतातही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, तेलाची मालीश यांना विरोध करण्याचे कारण नाही. बंद खोलीतल्या धुरीला आणि शेगडीला आहे. हा फरक केला की त्याच आजी आपल्या सर्वांत चांगल्या प्रचारक होतात.

चौथा रविवार बाळंतपणानंतरचा, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. भारतातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यानुसार सुमारे २२ टक्के मातांना प्रसूतीनंतर नैराश्याने ग्रासलेले असते. पाचवी, बारसे, पेढे यांच्या गडबडीत कोपऱ्यात रडणारी बाळंतीण कोणाला दिसत नाही. दिसली तर "दृष्ट लागली" म्हणून मीठ-मोहरी उतरवली जाते. हा आजार आहे, त्याला उपचार आहे आणि तो प्रथम ओळखू शकणारा माणूस तिचा पती आहे, हे त्या रविवारी मी पुरुषांकडे पाहून सांगते.

संस्काराच्या नावाखाली

आज गर्भसंस्काराच्या नावाने जे वर्ग चालतात, त्यांविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. प्रसन्न मन, मंद संगीत, प्रार्थना, हलका व्यायाम यांचे मी स्वागतच करते. गर्भ ऐकतो हेही खरे. नुकतेच जन्मलेले बाळ परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईच्या आवाजाला अधिक प्रतिसाद देते, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० सालीच दाखवून दिले. पण तेथून उडी मारून गोरे, तेजस्वी, अमुक इतक्या बुद्ध्यंकाचे बाळ देण्याचे आश्वासन देणे ही फसवणूक आहे. अभिमन्यूची कथा महाभारतात शोभून दिसते. पैसे घेऊन दिलेल्या हमीपत्रावर शोभत नाही. त्यात एक क्रूर बाजूही आहे. बाळात काही व्यंग निघाले तर "तिनं मन लावून ऐकलं नसेल," हा ठपका पुन्हा आईवरच येतो. आणि 'उत्तम संतती' हे शब्द कानावर पडताच ज्या घराच्या मनात मुलगाच येतो, त्या घराला १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा का करावा लागला, हे वर्गातच सांगितले पाहिजे.

आक्षेप आणि उत्तरे

काही सहकारी म्हणतात, अर्धवट माहितीने भीती वाढते. माझा अनुभव उलट आहे. भीती शेजारणीच्या गोष्टींनी आणि मोबाईलवरच्या चित्रफितींनी वाढते. ती आधीच आलेली असते. वर्गात तिला फक्त बाहेर पडायला जागा मिळते.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. शिकलेले जोडपे प्रश्न विचारते. सिझेरियन का? कळा वाढवण्याचे इंजेक्शन आताच का? २०१९-२१ च्या पाहणीत खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झालेल्या दिसतात. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर माता-बालमृत्यूत घट दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली म्हटले. खासगी रुग्णालयांत गुंतागुंतीच्या केसेस अधिक येतात हे मान्य करूनही, त्या प्रश्नांना सामोरे जाण्याची आपली तयारी हवी. ज्या निर्णयाचे कारण सोप्या मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगता येते, त्या निर्णयाला प्रश्नांचे भय नसते. आणि जी कुटुंबे सर्व शक्यता आधी ऐकून असतात, ती अनिष्ट घडले तरी दगड उचलत नाहीत. डॉक्टरांवरील हल्ल्यांनी आपण सारेच व्यथित आहोत. दारावरच्या पहारेकऱ्याइतकेच संरक्षण फळ्यावरचा खडू देतो, असे माझे मत आहे.

वर्गाने सिझेरियन आपोआप कमी होतील, असा दावा मात्र मी करणार नाही. ज्याचा पुरावा भक्कम आहे ती गोष्ट निराळी आहे: प्रसूतीच्या वेळी सतत जवळ असणारे आपले माणूस. पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या कोक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यानुसार अशा सोबतीने नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, कळांचा काळ घटतो आणि सिझेरियन कमी होतात. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीणीला, आणि आडोशाची सोय असेल तेथे पतीलाही, परवानगी देण्याचे सुचवले. परंतु न शिकलेली सोबत ही घाबरलेली सोबत असते. ती "आता सिझर करून टाका" म्हणून आपल्यालाच घाई करते. सोबतीचा लाभ हवा असेल तर सोबतीला आधी वर्गात बसवले पाहिजे.

एक विनंती

आपल्या संघटनेने आता एवढे करावे. महिन्यातील चारही रविवारी, आळीपाळीने सभासदांच्या दवाखान्यांत, विनामूल्य वर्ग घ्यावा. एक मालिका मराठीत, पुढची कन्नडमध्ये. कोणत्या डॉक्टरकडे नाव घातले आहे हे विचारू नये. औषध कंपनीचा फलक लावू नये. बाळदुधाच्या डब्याचा प्रश्नच नाही, १९९२ च्या कायद्याने त्याच्या जाहिरातीला बंदीच आहे. प्रसूतितज्ज्ञाबरोबर बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि अनुभवी परिचारिका यांनी एकेक तास द्यावा. सरकारी केंद्रांत २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. तेथे रांगेत ताटकळणाऱ्या स्त्रियांसमोर आपल्यापैकी एकाने अर्धा तास उभे राहून बोलले तरी वर्ग भरतो. त्याला सभागृह लागत नाही, पडद्यावरची यंत्रणा लागत नाही. कापडी बाहुली, एक जुने हाडांचे श्रोणिचक्र आणि फळा एवढे पुरते.

वेळ नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे, कारण मीही याच गावात, याच धावपळीत व्यवसाय करते. वर्षात सभासदाच्या वाट्याला फार तर दोन रविवार येतील. वर्गाला येणाऱ्या जोडप्यांपैकी बहुतेकांची प्रसूती कोणत्याही वर्गाविना सुखरूप झालीच असती. परंतु त्यांतल्या एका घरी रात्री दीड वाजता कोणाला तरी फळ्यावरचे तिसरे लक्षण आठवणार आहे. ते कोणते घर, हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून सर्वांनाच शिकवावे लागते. सभासदांनी आपली नावे आणि सोयीचे रविवार कार्यवाहांकडे कळवावेत, ही नम्र विनंती.